संशय होता डांबरावर

नमस्कार श्रोतेहो. विषय आहे फुप्फुसाचा कॅन्सर, पण आधी लंडनला जाऊ.

महायुद्ध संपलं होतं आणि इंग्लंडात या आजाराने मरणारे भराभर वाढत होते. कारण कळेना. रिचर्ड डॉल या डॉक्टरांचा संशय होता मोटारींच्या धुरावर, नाहीतर रस्त्यावरच्या डांबरावर. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या २० रुग्णालयांत चौकशी लावली. कॅन्सरचे ६४९ पुरुष, आणि दुसऱ्या आजारांचे तितकेच. कॅन्सरवाल्यांत तंबाखू कधीच न ओढणारे निघाले फक्त २. दुसऱ्या गटात २७.

खरी गंमत पुढेच. काहींना कॅन्सर समजून प्रश्न विचारले होते, नंतर निदान वेगळंच निघालं. त्यांचं ओढण्याचं प्रमाण? कॅन्सर नसलेल्यांसारखंच! म्हणजे विचारणाऱ्यांनी उत्तरं वळवली नव्हती. हे १९५० साली छापून आलं. डॉल स्वतः सिगारेट ओढत. काम पुरं होण्याआधीच त्यांनी ती सोडली.

१९५१ मध्ये दोघांनी ब्रिटिश डॉक्टरांना पत्रं धाडली. सुमारे ४० हजारांनी उत्तर दिलं, साध्या टपालाने. आपल्याकडे हल्ली लग्नपत्रिकेलाही कुणी पोच देत नाही, असो. त्या डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली आला: ओढत राहणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी. तिशीत सोडली तर ते जवळपास सगळं वाचतं, साठीत सोडली तरी ३ वर्षं. साठीतही ३ वर्षं, बरं का.

बिडीचंही तेच. बंद खोलीतला दुसऱ्याचा धूर, चुलीचा धूर, दगडखाणीतली धूळ, यांनीही धोका वाढतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. पत्रा कोरडा कापू नका, भोक पाडू नका. आधी भिजवा, चुरा ओल्या फडक्याने टिपा, झाडू मारू नका. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उठतो. गच्चीवर तोच पत्रा ग्राइंडरने कापणाऱ्या पोराला साधा रुमालही कुणी देत नाही, याची चीड येते.

खोकला किंवा घोगरा आवाज तीन आठवड्यांवर राहिला, थुंकीत रक्त दिसलं, तर छातीचा एक्स-रे काढा. आवाज बसला असेल तर घसाही दाखवा. टीबीच्या गोळ्या थुंकी न तपासता सुरू करू नका. दोन्ही आजारांची लक्षणं सारखी, आणि त्यात महिने जातात. पुन्हा सांगतो, तीन आठवडे.

तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारी मोफत क्रमांक लिहून घ्या: १८००, ११२, ३५६.