गुडघा कुणाचा, लीग कुणाची

[दृश्य : चाळीचा चौक, रात्र. मंडपाचे बांबू उतरवणारी पोरं.]

परळ. २२ सप्टेंबर २०२४, रविवार. विसर्जनाला पाच दिवस झाले, बांबू अजून निघतायत. मँचेस्टरमध्ये दुपारचे साडेचार म्हणजे इथले रात्रीचे नऊ. पहिल्या मजल्यावरच्या या खोलीत इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला फुटबॉलचा सामना, मँचेस्टर सिटी विरुद्ध आर्सेनल, सुरू होतोय.

सामन्याची दृश्यं इथं दिसणार नाहीत. त्यांचे हक्क आमच्या खिशाला झेपणारे नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याची पाठ टीव्हीकडे आहे आणि मॅच बघायची ती या चेहऱ्यांवर.

[दृश्य : चेहरे, टीव्हीचा निळा उजेड.]

खुर्चीत बसलेत ते काका. आर्सेनलवाले. २००३-०४ मध्ये त्यांचा संघ अख्खा मोसम एकही लीग सामना न हरता चॅम्पियन झाला. त्यानंतर या रात्रीपर्यंत लीग नाही. जमिनीवर मांडी घालून बसलाय तो शेजारच्या खोलीतला सिटीवाला. मालक अबुधाबीचे, म्हणून काका त्याला 'पेट्रोल पंप' म्हणतात. तो त्यांना चहा आणून देतो.

नवव्या मिनिटाला सिटीच्या हालांडचा गोल. सिटीवाला उठून नाचला, तो हा शॉट. मग कॉर्नरच्या झटापटीत सिटीचा मिडफिल्डर रॉड्री खाली पडतो.

[दृश्य : खोली. दहा सेकंद निवेदन नाही.]

खोलीतला एक जण टर्फवर खेळतो. त्याच्या उजव्या गुडघ्यावर टाक्यांची रेघ आहे. पँट वर करून तो समजावतो. एक मूठ मांडीची, दुसरी पोटरीची. बूट जमिनीत रुतला, अंग वळलं, पाय नाही वळला. दोन मुठींमध्ये त्यानं एक बोट दोरीसारखं ताणून धरलंय, ते एसीएल, गुडघ्यातली दोन हाडं जोडून ठेवणारी दोरी. ते बोट तो झटक्यात सोडतो. नवी दोरी बहुतेक वेळा पेशंटच्याच मांडीतून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून काढून बसवतात. ती रुजायला महिने जातात. सूज उतरली की पाय पूर्ण सरळ करायला शिकायचं, मग चालायला, मग धावायला आणि शेवटी वळायला. ऑपरेशन दोन तासांचं, म्हणतो तो, पण पहिल्यांदा वळताना लागतं ते धाडस कुठल्या डॉक्टरकडे मिळत नाही.

रॉड्रीची तीच दोरी तुटली आणि त्याचा मोसम या रात्री जवळपास संपला. २०२३-२४ मध्ये सिटी लीगचे तीन सामने हरली होती. तिन्हींत तो नव्हता.

याच्या पाचच दिवस आधी, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या सामन्यापूर्वी, रॉड्री पत्रकारांसमोर म्हणाला होता की खेळाडू संपाच्या जवळ आलेत. त्याचा हिशेब साधा होता. वर्षाला चाळीस ते पन्नास सामने चांगले खेळता येतात, त्यापुढे अंग साथ देत नाही. त्याच मोसमापासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाचे आठ सामने झाले होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात बत्तीस क्लबांचा विश्वचषक वाट बघत होता. हे वेळापत्रक आखणाऱ्यांपैकी कुणाच्या गुडघ्याला टाके नाहीत.

[दृश्य : भिंतीवरचं कालनिर्णय. जवळून.]

हे काकांचं दप्तर. दुधाच्या खाड्यांशेजारी आर्सेनलच्या जखमी खेळाडूंचे खाडे. ९ सप्टेंबर, ओडेगार्ड, घोटा, नॉर्वेकडून खेळताना. पानं उलटतात. २१ डिसेंबर, साका, हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचा स्नायू. वर्ष बदललं, कालनिर्णय नवं. १२ जानेवारी, जेझुस, गुडघा. इथं पेनाचा दाब वाढलेला दिसतो. फेब्रुवारीत हॅव्हर्ट्झ, तोही दुबईच्या सराव शिबिरात.

[दृश्य : फेब्रुवारी २०२५. तीच खोली, वाद.]

"तुमचा एक पडला तर तेरा सामन्यांत एक विजय," काका म्हणतात. "आमची अख्खी पुढची फळी दवाखान्यात, तरी आम्ही दुसरे."

"दुसरेच ना? काका, जानेवारीत खेळाडूंचा बाजार उघडा होता. आम्ही चौघं आणले. तुम्ही एक तरी?"

"तुमचा स्ट्रायकर अल्वारेझ विकला कशाला मग?"

याला उत्तर नाही. पण सिटीवाल्याकडे २०२३ आहे. त्या वर्षी आर्सेनल २४८ दिवस पहिल्या क्रमांकावर होती. मार्चमध्ये बचावपटू सालिबाची पाठ गेली, त्याच्या जागी होल्डिंग नावाचा राखीव खेळाडू आला. लिव्हरपूलशी दोन गोलांची आघाडी घेऊन बरोबरी, वेस्ट हॅमशी पुन्हा तेच, साउदॅम्प्टनशी ३-३. मग सिटीनं त्यांना चार गोल मारले आणि लीगही नेली. काका या विषयावर खिडकीबाहेर बघतात.

जेझुसही नाही, हॅव्हर्ट्झही नाही, तेव्हा लेस्टरविरुद्ध मिडफिल्डर मेरिनोला बदली म्हणून पुढे पाठवलं आणि त्यानं शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल केले. काका सांगतात, "हा आमचा बाक, राखीव खेळाडूंचा." सिटीवाला म्हणतो, "हा जुगाड आहे." दोघंही बरोबर आहेत, असं आमचं मत. वर्षाला साठ सामने खेळायला लावले तर कुठलाही बाक कधीतरी जुगाडच होतो.

सिटीवाल्याला एक गोष्ट ऐकायची नसते. त्याच्या प्रशिक्षकाला, गार्डिओलाला, मोठा संघ मुळातच आवडत नाही. २० मे २०२५ ला, रॉड्री मैदानावर परतला त्याच रात्री, गार्डिओला म्हणाला की संघ लहान केला नाही तर मी निघालो.

[दृश्य : दारात उभा मुलगा, हातात कप. चार सेकंद.]

हा लिव्हरपूलवाला. २०२४-२५ ची लीग याची. ८४ गुण, आर्सेनल ७४, सिटी ७१. त्यांचा सालाह अडतीसच्या अडतीस सामन्यांत उतरला.

[दृश्य : ऑगस्ट २०२५. गॅलरी, पाऊस.]

उन्हाळ्यात आर्सेनलनं झुबिमेंडी घेतला, योकेरेश घेतला, एझे घेतला. काका नावं बोटांवर मोजतायत. एक हात पुरत नाही.

"बास की," सिटीवाला म्हणतो. "आता बाक आहे तुमच्याकडे, काका. या वर्षी कारण काय सांगणार?"

"तू आधी तुझ्या रॉड्रीला अडतीस मॅच खेळवून दाखव," काका म्हणतात, आणि रिकामा कप त्याच्या हातात देतात.