सायक्लॅमेनचा उन्हाळा आणि त्याहून अवघड पावसाळा

मंडळी, मार्च लागला की बागप्रेमींकडून एकच प्रश्न येतो. डिसेंबरात हौसेनं आणलेल्या सायक्लॅमेनची, म्हणजे कंदातून वाढणाऱ्या त्या हिवाळी फुलझाडाची, पानं पिवळी पडायला लागली, आता काय घालू? काहीही घालू नका. पण आपल्याला राहवत नाही. आपण पाणी घालतो, मग वर मूठभर खत. घरोघरची सायक्लॅमेन उन्हानं कमी मरतात, या मायेनं जास्त.

हे रोप वाढलंय कुठं ते बघा. कुंडीत विकतात ती सायक्लॅमेन पर्सिकम ही जात. तुर्कस्तानचा दक्षिण किनारा, सीरिया, लेबनॉन, इस्राएल, सायप्रस हा तिचा मुलूख. हैफाजवळच्या कार्मेल डोंगरात ती चुनखडीच्या कपारीत, झाडांच्या सावलीला उगवते. तिथला पाऊस हिवाळ्याचा. जून ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही. पाऊस पडला की पानं येतात, थंडीत फुलं येतात आणि उन्हं तापली की वरचं सगळं वाळून कंद तेवढा राहतो.

आता आपले कंद आठवा. हळद, सुरण, कळलावी. मृगाची सर आली की कोंब वर, आणि पाऊस सरला की पुढे पानं पिवळी. म्हणजे सायक्लॅमेन झोपतं तेव्हा आपलं आभाळ गळत असतं! म्हणून मी म्हणतो, एप्रिलपेक्षा जुलैला घाबरा. कोरडा कंद सावलीत उन्हाळा बऱ्यापैकी काढतो, ओल्या मातीत निजलेला कंद मात्र कुजतो.

तर पानं पिवळी पडू लागली की पाणी दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करा. एकदम तोडू नका, पानांतलं अन्न कंदात उतरू द्या. वाळलेलं पान कात्रीनं कापायचं नाही. देठ बुडाशी धरून पिळायचा आणि हिसका द्यायचा. फुलांच्या देठांनाही हेच. मागे खुंट राहिला की बुरशी तिथूनच शिरते. मग कुंडी घरातल्या सगळ्यात गार, हवेशीर, सावलीच्या कोपऱ्यात. फ्रिजच्या मागे नको, तिथं गरम असतं. कुंडी अगदी लहान असेल आणि तुमच्या गावचा पारा चाळिशीला टेकत असेल, तर अधूनमधून कडेनं दोन चमचे पाणी चालेल. कंद सुरकुतू नये एवढंच.

जून ते सप्टेंबर कुंडी आतच. गॅलरीत नको, पावसाचे तुषार येतात. अधूनमधून कंद बोटानं दाबून बघा. घट्ट लागला तर जिवंत आहे. मऊ पडला, वास आला, तर टाकून द्या आणि शेजारच्या कुंड्या वाचवा.

कंदाचे तुकडे करून रोपं वाढवता येतील का, असं मघाशी कुणीतरी विचारलं. नाही. सुरणासारखं इथं चालत नाही, या कंदाला पिल्लंही फुटत नाहीत. नवं रोप हवं तर बी पेरायचं, तेही अंधारात आणि साधारण १५ ते २० अंशांत. घरी हे जिकिरीचं काम आहे.

उठवायची घाई करू नका. ऑक्टोबरचा उकाडा सरू द्या. पुण्या-नाशकात दिवाळीच्या सुमारास रात्री गार होतात, तेव्हा कंदाच्या माथ्यावर बारीक कोंब दिसतात का ते बघा. दिसले की माती बदला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, आणि निचऱ्यासाठी पर्लाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू. कुंडी कंदापेक्षा दोन बोटं रुंद, बस्स. कंदाचा वरचा भाग मातीबाहेर हवा, गाडलात तर गेला. पाणी बशीतून द्या, अर्ध्या तासानं उरलेलं ओतून टाका. पानं भरली की पोटॅश जास्त असलेलं खत, पातळ करून. नत्राचा मारा केलात तर नुसती पानं वाढतील.

मुंबईकरांना मी खरं सांगतो. तुमच्याकडे रात्री पुरेशा गार होत नाहीत, कंद जगला तरी फुलं धरतीलच असं नाही. ते रोप हिवाळ्यापुरतं फुलदाणीसारखं मिरवा आणि सोडून द्या, त्यात काही वाईट नाही. मोठे उत्पादकसुद्धा जुने कंद सांभाळत बसत नाहीत, दरवर्षी बियांपासून नवी रोपं करतात.

आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कंद उघड्यावर ठेवू नका. त्यात सॅपोनिन नावाची विषारी द्रव्यं असतात. जनावरानं चावला तर उलट्या-जुलाब होतात, जास्त खाल्ला तर जिवावरही बेतू शकतं. वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.