आधी धार, मग यंत्रं

(दृश्य: नदीकाठची ओली माती. एकमेकांवर आडवे बसलेले दोन ओंडके.)

झांबियातला कलांबो धबधबा. इथल्या पाणथळ मातीत संशोधकांना दोन ओंडके सापडले, एकावर एक आडवे बसलेले. सांध्याच्या जागी खाच आहे आणि ती मुद्दाम पाडलेली आहे. वय किमान ४,७६,००० वर्षं. हे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. हे ओंडके बसवले गेले तेव्हा आपली जात, होमो सेपियन्स, अजून जन्माला यायची होती. लाकडात खाच पाडून सांधा करायला त्या हातांना धातूही लागला नाही, वीज तर लांबच राहिली.

घरी सुतारकाम करून बघू म्हणणारा माणूस मात्र सुरुवात यंत्रांच्या यादीपासून करतो. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) हवा, राउटर (लाकडात खाचा कोरणारं यंत्र) हवा, धूळ ओढणारं यंत्र हवं, आणि हे सगळं ठेवायला गॅरेज हवं. यादी पूर्ण होईपर्यंत हौस विरते. आमचं मत सरळ आहे: पहिले काही महिने विजेवर चालणारं एकच यंत्र घ्या, ड्रिल. बाकी एक हातकरवत, एक गुण्या (काटकोन आखायचं साधन), १२ आणि २५ मिलिमीटरच्या दोन पटाश्या (लाकूड कोरायची सपाट पाती), मोगरी (लाकडी हातोडा), छोटा रंधा, दोन-चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. एवढ्यात पेटी होते, स्टूल होतं, पुस्तकांचं शेल्फही होतं.

गुण्या घेतलात तर आधी त्याचीच परीक्षा घ्या. सरळ कडेच्या फळीवर त्याने एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर तो परत करा.

(दृश्य: पटाशीचं टोक, अगदी जवळून. दगडावर पाणी.)

आता या छंदातला सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. नव्या पटाशीला धार असते ती नावापुरती. आधी तिची पाठ, म्हणजे सपाट बाजू, दगडावर घासायची. सगळी नाही, टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर पुरे. त्या पट्टीत खिडकीचं प्रतिबिंब स्वच्छ दिसायला लागलं की पाठ झाली. हे काम त्या पटाशीच्या जन्मात एकदाच नीट करावं लागतं, म्हणून घाई करू नका.

मग पटाशी उलटी करून उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू. त्याचा कोन साधारण २५ अंशांचा असतो. उतार मार्करने काळा करा आणि दगडावर दोनदा ओढून बघा. शाई जिथून गेली तिथे दगड लागतोय. नुसती मागच्या बाजूने गेली असेल तर मूठ जरा उचला. १००० नंबरच्या दगडावर थोडा वेळ घासलंत की अंगठा पाठीवरून धारेच्या बाहेर अलगद सरकवा. धारेच्या लांबीवरून फिरवायचा नाही, कापेल. पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली पाहिजे. धारेवर मागे वळलेला तो पोलादाचा पापुद्रा. तो आला म्हणजे दगड थेट टोकापर्यंत पोचला. तो आला नसेल तर त्यापुढच्या बारीक दगडावर कितीही वेळ घाला, पटाशी बोथटच राहणार. आला असेल तर बारीक दगडावर उतार आणि पाठ आळीपाळीने घासून तो काढून टाका, शेवटी चामड्यावर मागच्या दिशेने चार हात मारा.

दगड नसेल तर जाड काचेवर चिकटवलेला पॉलिश पेपरही चालतो.

परीक्षा लाकडावरच घ्या. पाइनसारखं मऊ लाकूड आडवं कापलं की जे तोंड दिसतं, तिथून एक पातळ काप काढा. कापलेली जागा गुळगुळीत, तकतकीत दिसली तर धार आली. पांढरट, चुरगळलेली दिसली तर परत दगडाकडे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशी सटकते. म्हणून दोन्ही हात कायम धारेच्या मागे, आणि तुकडा क्लॅम्पने टेबलाला घट्ट. डाव्या हाताने तुकडा धरून उजव्या हाताने पटाशी चालवायची सवय लागूच देऊ नका.

(दृश्य: फळीवरून फिरणारा रंधा. उलगडत येणारं सालपट.)

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांची मोळी. झाड उभं असताना त्यांत पाणी असतं, काही जातींत तर कोरड्या लाकडाच्या वजनापेक्षाही जास्त. लाकूड वाळत जातं, ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास आला की त्याखाली ते आकसायला लागतं. पण लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. त्यातही वर्षवलयांच्या दिशेने आकसणं हे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट, म्हणून फळ्या वाकतात. हे वाळल्यावर थांबतही नाही: दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. रुंद अखंड फळीला आडवी पट्टी गोंदाने आणि स्क्रूने पक्की आवळलीत तर काही महिन्यांनी फळी मधोमध तडकते. प्लायवुडमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे असल्यामुळे ही कटकट नाही. अखंड लाकूड आणलंत की ज्या खोलीत काम करणार तिथेच काही दिवस राहू द्या.

रंधा मारताना लाकूड उखडतंय असं वाटलं तर फळी फिरवा आणि उलट बाजूने सुरुवात करा. बऱ्याच वेळा दोष हाताचा नसतो, रेषांच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या दिशेचा असतो.

जुन्या पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीचं) लाकूड फुकटात मिळालं तर शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. त्याला हात लावू नका.

पहिली वस्तू कोणती? बेंच हुक. प्लायवुडचा पुस्तकाएवढा तुकडा, एका कडेला वरून एक पट्टी, समोरच्या कडेला खालून दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला तुकडा टेकवून करवत चालवायची. दिसायला काहीच नाही, पण यापुढचं प्रत्येक कापणं याच्यावर होणार. माप पेन्सिलीने नाही, चाकूच्या टोकाने आखा. चाकूने वरचे तंतू आधीच तुटतात, त्यामुळे कडा फाटत नाहीत आणि पटाशीचं टोक त्या रेघेत आपसूक बसतं. करवत रेघेवरून नाही, टाकाऊ बाजूने चालवा, कारण करवतीची जाडीही लाकूड खाते.

गोंदाबद्दल थोडक्यात. पांढरा लाकडी गोंद लांबीच्या रेषांना रेषा भिडवून लावला तर सांधा लाकडापेक्षा मजबूत होतो. आडव्या कापलेल्या तोंडाला मात्र तो नीट धरत नाही, म्हणून तिथे खाच किंवा कुसू (खाचेत बसणारं टोक) लागतो. पूर्ण ताकदीसाठी एक दिवस थांबा.

पॉलिश पेपर १२०, १८०, २२०. यापुढे जायची गरज क्वचितच. घासताना मास्क लावाच: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. रंधा आणि पटाशी यांतून बारीक धूळ फारशी उडत नाही, हातकामाच्या बाजूने हाही एक मुद्दा.

शेवटी तेलाचा हात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या वाळताना स्वतःच तापतात, आणि गोळा करून ठेवल्या तर काडीशिवाय पेटू शकतात. त्या बाहेर, एकेक करून, सपाट पसरून वाळवा. कडक झाल्या की मगच कचऱ्यात टाका. वस्तूला दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर.