सावारी

नमस्कार श्रोतेहो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना तुम्ही पाहिलं असेल. दोरा नेमक्या जागी आला की कोरडी तार एकदम गुंजायला लागते. जपानी शामिसेनचंही तसंच. तिची सर्वांत जाड तार वरच्या टोकाला मुद्दाम लाकडाला लागू देतात. त्या झणकाराला म्हणतात सावारी, म्हणजे स्पर्श.

आज बोलायचंय जपानी ब्लॅक मेटलबद्दल, म्हणजे रॉक संगीतातल्या एका उग्र प्रकाराबद्दल, आणि सुरुवात इथूनच करावीशी वाटली. गिटारचा आवाज फाटलेला, तारेवर अखंड वेगवान छेड, गळा किंचाळणारा. पहिल्यांदा ऐकणारा कानावर हात ठेवतो. पण ज्या देशात वादक तारेतली खरखर जपून ठेवतात, शाकुहाची बासरीत फुंकेचा वारा ऐकू यावा म्हणून मेहनत घेतात, तिथे हे संगीत मला परकं वाटतच नाही.

जपानच्या जुन्या नो नाटकातली बासरी घ्या, नोकान. तिच्या पोटात एक बारीक नळी बसवतात, तिचं नाव नोदो, म्हणजे गळा. त्यामुळे जोरात फुंकल्यावर वरचा षड्ज खालच्याशी जुळत नाही. सूर हलतो, अंगावर काटा येतो. नोमध्ये कितीदा तरी मुख्य पात्र भूतच असतं. जीव कशाततरी अडकलेला, म्हणून परत आलेलं. त्याच्यासाठी याहून योग्य आवाज कुठला?

तोक्योचा ‘साय’ हा बँड कॅसेटी टपालाने देशोदेशी फिरायच्या त्या काळातला. त्यांचा पहिला अल्बम ‘स्कॉर्न डिफीट’ १९९३ साली थेट नॉर्वेतल्या एका छोट्या कंपनीने काढला. पुढे बँडचे गायक मिराई कावाशिमा यांनी जपानी वाद्यं हाती घेतली.

त्यांचा २०२२ चा अल्बम ‘शिकी’ मला फार जवळचा. शिकी म्हणजे चार ऋतू, आणि मरणाची वेळसुद्धा. पन्नाशी ओलांडलेला माणूस स्वतःच्या मृत्यूची भीती इथे जपानीत ओरडून सांगतो. मुखपृष्ठावरचं चित्र फुजिवारा नो किंत्सुने या जुन्या कवीच्या एका कवितेवरून घेतलंय. वादळात बागभर साकुराच्या पाकळ्या पडताहेत, बर्फासारख्या. कवी म्हणतो, पडतंय ते बर्फ नव्हे, तो मी. जपानीत ‘फुरु’ म्हणजे पडणं, आणि ‘फुरु’ म्हणजे जुनं होणंही.

रात्री निवांत ऐका. गिटारच्या मागे जे गुंजत राहतं, तिकडे कान द्या.