बापाची ठेव, लेकाचा सौदा

नमस्कार श्रोतेहो.

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, रात्री पानं वाढली की कितीतरी घरांत एकाच विषयावर आवाज चढतो. अप्पा म्हणतात, "चार पैसे हातात आलेत तर सोसायटीत ठेव टाक, नाहीतर एखादा प्लॉट बघून ठेव." लेक म्हणतो, "अप्पा, तुमच्या त्या व्याजात घर चालतंय काय? माझ्या दोस्तानं मोबाइलवर सकाळच्या सकाळी तीन हजार काढले." अप्पांना वाटतं, पोरगं जुगाराला लागलं. पोराला वाटतं, अप्पा भितात.

आज या वादाबद्दलच बोलायचं आहे, कारण दोघांच्याही हिशेबात एक रकाना कोरा राहिलेला असतो. नुकसान झालं तर ते सोसायचं कुणी?

अप्पांच्या उमेदीच्या काळात ते बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी सोसत होतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेला जवान पंधरा वर्षांची नोकरी करून परतला की जन्मभराची पेन्शन घेऊन यायचा. सरकारी शाळेतल्या मास्तरांचंही तसंच. पेन्शनचा आकडा बाजारावर ठरत नव्हता आणि महागाई वाढली की महागाई भत्ताही वाढायचा. १९६९ साली चौदा बँका सरकारच्या झाल्या, त्यामुळं ठेवीची धास्तीही कमी झाली. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर बारा टक्के व्याज होतं. १९८८ साली निघालेलं किसान विकासपत्र साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट करायचं. आज पीपीएफला ७.१ टक्के मिळतात आणि विकासपत्राला दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. तेव्हा महागाईही जोरात होती, हे खरं आहे. तरीही नोकरी पक्की, पेन्शन पक्की आणि व्याज ठरलेलं असताना "ठेव टाका आणि गप्प बसा" हा सल्ला चुकीचा नव्हता. ज्या पायावर तो सल्ला उभा होता, तो पाय मात्र आता हलला आहे.

कर्नाटक सरकारच्या नोकरीत १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत रक्कम जाते, ती बाजारात गुंतते आणि निवृत्तीच्या वेळी जमेल तेवढ्यावर भागवायचं असतं. फौजेतला बदल तर आपल्या गावागावांत दिसतो आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, त्यानंतर शंभरातले पंचवीस कायम होणार, बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी येणार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, तेव्हा हिशेब तुम्हीच करा, ही पोरं कधी परततात.

बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हातात पावणेबारा लाख आले की घरात काय होतं? थोरल्याच्या घराचा स्लॅब राहिलेला असतो, बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, कुणाला ट्रॅक्टरसाठी भर हवी असते. वर्षाच्या आत रक्कम निम्मी होते. ती सगळी न मोडता सात टक्क्यांनी ठेवली तर महिन्याला साधारण सहा हजार आठशे रुपये येतील, आणि तो आकडा वीस वर्षांनीही तेवढाच राहील. काकांची पेन्शन आणि पुतण्याचा सेवानिधी यांतला हा फरक घरातल्या मोठ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. ही रक्कम त्या मुलाचा दुसऱ्या धंद्याचा पाया आहे. तिच्यावर घरातल्या इतर गरजांचा हक्क सांगू नये, एवढं मला मनापासून म्हणायचं आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत किंवा मशीनशॉपमध्ये लागलेल्या मुलाचं वेगळंच. तो बऱ्याचदा ठेकेदाराकडं असतो आणि दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो. प्रत्येक बदलाला तो जुना पीएफ काढून मोटारसायकल घेतो. इथं दोन गोष्टी बुडतात. सलग पाच वर्षं भरायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागू शकतो. दुसरी त्याहून मोठी: पेन्शनसाठी दहा वर्षं सेवा मोजली जावी लागते आणि पेन्शनचे पैसेही काढून घेतले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवा, जुनं खातं नव्याला जोडून घ्या आणि दर तीन महिन्यांनी पासबुक उघडून बघा, ठेकेदारानं कापलेली रक्कम खरंच भरली आहे काय. तरीही त्या पेन्शनकडून फार अपेक्षा नको. पंधरा हजारांच्या मर्यादेवर तीस वर्षं काढली तरी सूत्राप्रमाणं महिन्याला सात हजारांच्या आतच बसतात.

जमिनीचं तर विचारूच नका. आजोबांची चार एकर म्हणजे १६० गुंठे. तीन मुलांत वाटणी झाली की ५३ गुंठे. त्या प्रत्येकाला दोन मुलं, की उरले सव्वीस-सत्तावीस गुंठे. शिवाय कर्नाटकात १९९४ पासून लेकींचाही वडिलार्जित जमिनीत हक्क आहे, आणि तो रास्तच आहे. सत्तावीस गुंठ्यांतला ऊस अडचणीला घराला तारेल, हे आता कुणी गृहीत धरू नये.

म्हणजे आधी जे ओझं सरकारच्या, कारखान्याच्या, एकत्र कुटुंबाच्या खांद्यावर होतं, ते एकट्या पोराच्या खांद्यावर आलं. मग ते ओझं एका उडीत पार करावं असं त्याला वाटू लागतं आणि तो ऑप्शनकडं वळतो.

ऑप्शन कसं चालतं ते जवळून बघू. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावानं घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. समजा एका लॉटमध्ये ७५ नग आहेत आणि प्रीमियम ४० रुपये आहे. तीन हजारांत लॉट आला. तासाभरात प्रीमियम ८० झाला, तीन हजार सुटले. दोस्ताचे "सकाळच्या सकाळी तीन हजार" ते हेच. पुढच्या आठवड्यात तो पाच लॉट घेतो, पंधरा हजारांचे. बाजार पडत नाही, चढतही नाही, जागच्या जागी राहतो. तरी प्रीमियम रोज झिजतो, कारण मुदत जवळ येत असते. मुदतीच्या दिवशी तो शून्यावर येतो आणि पंधरा हजार जातात. शेअर पडला तर कधीतरी वर येण्याची वाट बघता येते. मुदत संपलेल्या ऑप्शनची वाट बघता येत नाही. त्यात खर्च धरा: दलाली ऑर्डरला वीस रुपये, दिवसाला पाच सौदे म्हणजे घेण्या-विकण्याच्या दहा ऑर्डरी, दोनशे रुपये. महिन्याचे वीस दिवस म्हणजे चार हजार. कर वेगळा.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायद्यात, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, आणि एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तोट्यातल्या मुलांना आणखी एक सांगतो. वायद्यातला तोटा हा धंद्याचा तोटा धरला जातो. मुदतीत आयटीआर-३ हे आयकराचं रिटर्न भरलं तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो. "तोटाच झालाय, कशाला रिटर्न भरायचं" म्हणून जे गप्प बसतात, त्यांच्या हातून तेवढीही सवलत जाते.

आता अप्पांकडं वळतो, कारण त्यांनाही वाटतं तेवढं ते सुरक्षित नाहीत. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते म्हणून दहा लाख सोसायटीत ठेवले. वर्षाला वीस हजार जास्त मिळाले. त्या वीस हजारांसाठी पणाला काय लागलं? अख्खे दहा लाख. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. तो एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, व्याज धरून पाच लाख. पतसंस्थेच्या, सोसायटीच्या ठेवीला हा विमा लागू नाही. पिग्मी गोळा करायला रोज दारात येणारा माणूस ओळखीचा आहे, एवढ्यानं संस्था भक्कम ठरत नाही.

आपण सीमेवर राहतो, म्हणून इथं एक प्रश्न जास्तीचा विचारावा लागतो: संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदली आहे? कर्नाटकाच्या १९५९ च्या सहकार कायद्याखाली असेल तर तक्रार जिल्ह्याच्या सहकार उपनिबंधकाकडं जाते. कर्नाटकाच्याच १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याची असेल तर वाट निराळी. बहुराज्य संस्था असेल, म्हणजे शाखा इकडंही आणि कोल्हापूर-सांगलीकडंही, तर निबंधक दिल्लीत बसतो. २०२३ च्या दुरुस्तीनं या संस्थांच्या ठेवीदारांसाठी सहकार लोकपालाची सोय केली आहे. हे संकट आल्यावर शोधण्यापेक्षा ठेव टाकतानाच पावतीवरचा नोंदणी क्रमांक वाचा. सभेचा अहवाल घरी आला की जेवणाची तारीख तेवढी बघून ठेवू नका. ऑडिटचा वर्ग कुठला, कर्जाची थकबाकी मागच्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय, हे तीन आकडे शोधा. भाषेची अडचण असेल तर कन्नड वाचणाऱ्या नातवाला शेजारी बसवा.

प्लॉटचंही तेच. शेतजमीन एनए न करता गुंठ्यानं पाडलेला प्लॉट बाँड पेपरवर घेतला, तर मालकी तुमची होत नाही. खरेदी नोंदली गेली पाहिजे. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या संगणकावरच्या मिळकत नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ निघाले पाहिजेत. ते निघत नसतील तर "पुढं होतंय की" या शब्दावर पैसे देऊ नका. आणि जामीन! "फक्त सही पाहिजे" म्हणून पाहुण्यासाठी केलेल्या सहीनं कर्जदाराइतकीच जबाबदारी आपल्यावर येते. १८७२ च्या करार कायद्यात तसं लिहिलं आहे. बँकेला आधी कर्जदाराच्या मागं लागायचं बंधन नाही. कन्नड किंवा इंग्रजी कागदावर न वाचता सही करणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी जोखीम आहे आणि तिला कुणी जोखीम म्हणतच नाही.

बायकांच्या नावावरच्या गटकर्जाबद्दलही हेच म्हणावं लागतं. गटातली एक थकली तर बाकीच्यांनी भरायचं. पैसे पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा लेकाच्या कामाला गेलेले असतात आणि हप्त्याच्या दिवशी दारात उभी राहते ती आई. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज एकदा कागदावर करा. दमदाटीनं वसुली होत असेल तर २०२५ च्या कायद्यानं कर्नाटकात तो गुन्हा ठरला आहे. पोलिसांकडं जाता येतं.

मग धोका पत्करायचा तरी किती? धाडस किती आहे यावरून हे ठरवू नका. थांबण्याची ताकद किती, ते बघा. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या जवळ होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. लाखाचे बासष्ट हजार झाले. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा ४२ हजारांच्या वर गेला. ज्याच्याकडं आठ महिने घर चालवायची सोय होती, त्यानं काही न करता वाट बघितली. ज्याचा पगार थांबला होता आणि मोटारसायकलचा हप्ता चालू होता, त्याला मार्चमध्येच विकावं लागलं. दोघांची गुंतवणूक एकच असली तरी एकाचं नुकसान कागदावर राहिलं आणि दुसऱ्याचं खिशातून गेलं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, हाताला येईल असा. महिन्याला वीस हजार लागत असतील तर एक लाख वीस हजार. त्यासोबत विमा. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा वर्षाला वीस रुपयांत अपघाताचं दोन लाखांचं संरक्षण देतो, जीवन ज्योती ४३६ रुपयांत दोन लाखांचं आयुष्याचं. खात्यात तेवढी शिल्लक मेअखेरीस नसली की हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. आपल्याकडं हे फार होतं. त्यानंतर महागडी कर्जं फेडा, ॲपवरची सगळ्यात आधी. एवढं झाल्यावर सात वर्षं तरी लागणार नाहीत तेवढे पैसे शेअर बाजाराच्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात, दरमहा घाला. शेतीला पैसा हवा असेल तर सावकाराआधी पीकेपीएसमध्ये, म्हणजे गावच्या प्राथमिक कृषी पतपुरवठा सोसायटीत चौकशी करा. मुदतीत फेडणाऱ्याला राज्य सरकारच्या योजनेत पाच लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी आहे. एक दिवस उशीर झाला तरी ती सवलत जाऊ शकते, म्हणून उसाच्या बिलाची वाट बघत बसू नका, तारीख बघा.

येत्या रविवारी अप्पांनी आणि लेकानं एक वही घेऊन बसावं. डाव्या पानावर अप्पांनी लिहायचं: कुठल्या संस्थेत किती ठेव, मुदत कधी संपते, कुणाला जामीन राहिलोय. उजव्या पानावर लेकानं: यूएएन नंबर, डिमॅट खातं, कुठल्या ॲपवर किती कर्ज, वायद्यात आजवर किती गेले. खरे आकडे लिहायचे, आणि ते वाचून कुणी कुणावर ओरडायचं नाही. दोन्ही पानांवर प्रत्येक ओळीपुढं नॉमिनीचं नाव लिहा. बऱ्याच खात्यांवर ते लग्नाआधीचं, आईचं किंवा भावाचं राहून गेलेलं असतं. ते सोमवारी जाऊन बदलून घ्या.

नमस्कार.