भाऊबीजेनंतरचा वजनकाटा

(दृश्य: ओट्यावर परात. पातेल्यात तूप, साखर आणि दूध एकत्र तापतंय.)

एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध आणि त्यात मावेल तेवढा मैदा. शंकरपाळ्यांचं हे प्रमाण बहुतेक मराठी घरांत लिहून ठेवावं लागत नाही. वाटी दीडशे मिलीची धरली, तर नुसत्या तुपाच्याच बाराशेच्या वर कॅलरी होतात. साखरेच्या आणखी पाचएकशे. मैदा आणि तळणीचं तेल तर अजून हिशेबात आलेलंच नाही. अर्थात सगळा डबा कोणी एकटं संपवत नाही. पण लाडू निदान मोजले तरी जातात, शंकरपाळे कोण मोजतं? गप्पा चालू असतात आणि हात डब्यात जात राहतो.

(दृश्य: सकाळ. न्हाणीघराच्या दाराशी वजनकाटा. त्यावर चढणारे पाय.)

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि काटा दोन किलो जास्त दाखवतोय. घरातलं कोणीतरी लगेच धीर देतं. "अहो, ताजं वजन आहे. आठवड्यात उतरेल." आणि गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात ते बऱ्यापैकी उतरतंही. म्हणजे नुकतं चढलेलं वजन खरंच लवकर उतरतं का?

आधी साधा हिशेब करू. एक किलो चरबी साठायची तर साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या पोटात जायला हव्यात. दोन किलोंना १५,४००. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सहा दिवस धरले, तर रोज अडीच हजारांच्या वर. चाळीस ग्रॅमचा बेसनाचा लाडू साधारण दोनशे कॅलरींचा. म्हणजे रोजचं जेवण नेहमीसारखं जेवून, वर दिवसाला बारा-तेरा लाडू. असे खाणारे नसतातच असं नाही. एकेकाळी लग्नाच्या पंगतीत त्यांचं कौतुकही व्हायचं. पण तुमच्या-आमच्यासारख्यांच्या काट्यावरचे ते दोन किलो चरबीचे नसतात. निदान सगळे तरी नसतात.

मग कशाचे असतात? बरेचसे पाण्याचे.

(दृश्य: यकृत आणि मांडीचे स्नायू दाखवणारं साधं रेखाचित्र.)

पीठ, साखर, पोहे यांतून मिळालेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून ठेवतं. मोठ्या माणसाचा हा साठा चार-पाचशे ग्रॅमच्या घरात असतो, आणि एरवी तो काठोकाठ भरलेला नसतो. सणात भरतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनएक ग्रॅम पाणी अडकून राहतं. दोनशे ग्रॅमची भर पडली, की पाण्यासकट पाऊण किलो झालंच. त्यात चकली, शेव, चिवडा यांचं मीठ. आपल्या अंगातलं पाणी खारट आहे, लिटरमागे नऊएक ग्रॅम मीठ. त्यामुळे चार-पाच ग्रॅम मीठ जास्तीचं राहिलं, तर त्याच्याबरोबर अर्धा लिटर पाणी मुक्कामाला थांबतं. बोटातली अंगठी घट्ट होते ती याच दिवसांत. आणि शेवटी, सभ्यपणे सांगायचं तर, आतड्यांतून अजून बाहेर न पडलेलं अन्न.

जेवण पूर्वपदावर आलं, की हे सगळं चार ते सात दिवसांत आपोआप निघून जातं. त्याला ना काढा लागतो, ना 'डिटॉक्स'चा हिरवा रस. दिवाळीनंतर 'सात दिवसांत तीन किलो कमी' अशा जाहिरातींचं पीक येतं, त्याचं गुपित हेच. पहिल्या आठवड्यात भात-पोळी बंद केली, की ग्लायकोजेन संपतं, त्याचं पाणी लघवीवाटे जातं आणि काटा खाली येतो. पैसे जाहिरातवाल्याला, काम मूत्रपिंडाचं. पुन्हा वरण-भात सुरू झाला, की तेच पाणी परत.

आता उरलं ते, जे खरोखर चरबी म्हणून बसलं. पाव किलो, अर्धा किलो. ती चरबी नवी आहे म्हणून आधी जाते का?

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत. वाळवंटात अणुचाचणी.)

याचं उत्तर एका अनपेक्षित ठिकाणाहून आलं. १९५०च्या दशकापासून १९६३पर्यंत बड्या राष्ट्रांनी उघड्या आकाशाखाली अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढलं. १९६३च्या करारानंतर अशा चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि ते वर्षागणिक उतरत गेलं. वनस्पतींनी ते हवेतून घेतलं, वनस्पतींतून ते ताटात आलं आणि ताटातून आपल्यात. त्यामुळे शरीरातल्या एखाद्या रेणूत कार्बन-१४ किती, यावरून तो रेणू कुठल्या सुमाराला तयार झाला ते ओळखता येतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि पीटर आर्नर यांच्या गटाने ही युक्ती माणसाच्या चरबीवर वापरली.

२००८ साली त्यांनी दाखवलं, की चरबीच्या पेशींची संख्या लहानपणी आणि किशोरवयात ठरते. मोठेपणी ती साधारण तेवढीच राहते आणि दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरून त्यांच्या जागी नव्या येतात. २०११ साली त्यांनी पेशींच्या आतल्या मेदाचं वय काढलं. ते सरासरी दीड वर्षाच्या थोडं पुढे निघालं. म्हणजे मेद तिथे कायमचा पडून राहत नाही. सतत येतो, जातो, बदलत राहतो. नवं धान्य वर आणि जुनं तळाशी अशी ही कणगी नव्हे. दिवाळीची चरबी आणि लग्नानंतर दहा वर्षांत साठलेली चरबी एकाच पेशीत मिसळलेली असते, आणि शरीराला ऊर्जा हवी असते तेव्हा ते तारीख बघत बसत नाही.

तेव्हा, चरबी ताजी आहे म्हणून सोपी, हे खरं नाही. ती थोडी आहे म्हणून सोपी.

तरीही या समजुतीत तथ्याचा एक अंश आहे, आणि तो अमेरिकेतल्या एका तुरुंगात सापडला.

(दृश्य: व्हरमाँटमधला हिवाळा. बर्फ, रिकामा रस्ता.)

१९६०च्या दशकात व्हरमाँट विद्यापीठातले डॉ. एथन सिम्स यांना माणसं मुद्दाम लठ्ठ करून पाहायची होती. विद्यार्थ्यांवर प्रयत्न झाला, पण अभ्यास आणि धावपळ सांभाळून त्यांचं वजन पुरेसं वाढेना. मग राज्याच्या तुरुंगातले कैदी स्वखुशीने तयार झाले. काही महिने भरपेट, पोट नको म्हणेपर्यंत खाऊन त्यांनी वजन वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवलं. वाढवतानाच नाकी नऊ आले. प्रयोग संपल्यावर बहुतेकांची भूक आपसूक कमी झाली आणि ते मूळ वजनाच्या जवळपास परत आले. मोजके काही मात्र आले नाहीत.

शरीराला आपलं नेहमीचं वजन थोडंफार आठवत असावं, असं यावरून वाटतं. पण त्यावर फार विसंबू नये. वजन घटलं की शरीर जितक्या जोराने विरोध करतं, तितक्या जोराने ते वाढीला करत नाही. स्वीडनमधल्या लिंशोपिंगला अठरा तरुण निरोगी माणसांनी चार आठवडे फास्ट फूड खाल्लं, कॅलरी दुप्पट केल्या आणि चालणं दिवसाला पाच हजार पावलांच्या आत ठेवलं. वजन सरासरी ६.४ किलो वाढलं. पुढच्या सहा महिन्यांत त्यातलं बरंचसं उतरलं. इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण वर्षानंतर ते मूळ वजनापेक्षा दीड किलोने वर होते आणि अडीच वर्षांनी तीन किलोंनी. ज्यांनी हा प्रयोग केला नव्हता, त्यांचं वजन त्या काळात होतं तिथेच होतं. २०१०चं हे संशोधन. माणसं फक्त अठरा, त्यामुळे त्यावरून नियम बांधू नये. तरी महिनाभराच्या मजेचं सावट इतकं लांब पडू शकतं, हे विसरताही येत नाही.

(दृश्य: अमेरिकेतलं एक मराठी घर. दारात कुरिअरचा खोका. आत फराळ.)

सणातलं वजन सगळ्यांत नेटकेपणाने मोजलं गेलं ते अमेरिकेत. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५ जणांचं वजन थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या मेजवानीच्या सणाच्या, आधीपासून नव्या वर्षापर्यंत घेत राहून २००० साली निष्कर्ष छापले. लोकांना वाटत होतं दीडएक किलो वाढलं असेल. प्रत्यक्षात वाढ सरासरी ०.३७ किलो. अर्ध्या किलोच्याही आत. हुश्श म्हणायच्या आधी पुढचं ऐका. ही वाढ नंतरच्या महिन्यांत म्हणावी तशी उतरली नाही. जे वर्षभराने पुन्हा वजन द्यायला आले, त्यांची अख्ख्या वर्षाची वाढ ०.६ किलोच्या आसपास होती. म्हणजे वर्षभरातली निम्म्याहून अधिक वाढ त्या दीड-दोन महिन्यांची.

२०१६ साली अमेरिका, जर्मनी आणि जपानमधल्या २,९२४ जणांच्या, घरच्या वायफाय काट्यांवरच्या नोंदी तपासल्या गेल्या. वजनं नाताळात वाढली. जपानात तर वसंतातल्या 'गोल्डन वीक'च्या सुट्टीतही वाढली. त्यातली साधारण निम्मी वाढ लगोलग उतरली. उरलेली निम्मी उन्हाळ्यापर्यंत किंवा त्याही पुढे टिकली. आणि ही सगळी माणसं हौसेने महागडा काटा विकत घेऊन त्यावर रोज उभी राहणारी! ज्यांचा काटा पलंगाखाली धूळ खात पडलाय, त्यांचं काय होत असेल?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचं तर दुहेरी असतं. पुण्या-मुंबईहून निघालेला फराळाचा खोका संपतो न संपतो तोच थँक्सगिव्हिंग येतं, पाठोपाठ नाताळ.

पण आपण तरी कुठे वेगळे आहोत? दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांत कार्तिकी एकादशी. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी हे काही उगाच म्हणत नाहीत. मग तुळशीचं लग्न, आणि ते लागलं की माणसांची लग्नं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा गोडाचा नैवेद्य. चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा. गोव्यात शेजाऱ्यांकडून नाताळच्या नेवऱ्या, दोदोल, बेबिंक. एकतीस डिसेंबर. शेतावर हुरडा. भोगीची लोणी लावलेली बाजरीची भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी तिळगूळ. पाणी उतरायला सात दिवस लागतात आणि चरबी उतरायला काही आठवडे. आपल्याकडे ते आठवडे मोकळे मिळतच नाहीत. मला विचाराल तर दिवाळीचं वजन टिकतं ते दिवाळीमुळे कमी, आणि दिवाळीनंतर 'आता सुरू करू' म्हणत गेलेल्या अडीच महिन्यांमुळे जास्त.

(दृश्य: पर्वतीच्या पायऱ्या. पहाटे चढणारी माणसं.)

व्यायामाने हिशेब चुकता होईल, असंही वाटतं. सत्तर किलोच्या माणसाला एक लाडू खर्च करायला तीन-चार किलोमीटर चालावं लागतं. पर्वती एकदा चढून-उतरून तो लाडू संपत नाही. खाली येऊन मिसळ खाल्ली तर विचारायलाच नको. चढणं हृदयासाठी आणि झोपेसाठी उत्तम आहे, जरूर चढावं. फक्त त्याच्या भरवशावर डबा उघडू नये.

किलोंपेक्षा आपल्याला जास्त बघावं लागतं ते, ही चरबी कुठे बसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर हलका भरतो आणि पोटात चरबी बाळगतो, आणि त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध हा याज्ञिकांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय. म्हणून 'दिवाळीत अर्धाच किलो वाढला' हे आपल्या बाबतीत तितकंसं सुटसुटीत विधान नाही.

मग करायचं काय? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला २७२ जणांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली छापून आले. त्यातल्या निम्म्या लोकांना नाताळच्या आधीपासून आठवड्यातून किमान दोनदा वजन करून लिहून ठेवायला सांगितलं, खाण्यापिण्याबद्दल दहा साध्या सूचना दिल्या, आणि सणातला कुठला पदार्थ खर्च करायला किती चालावं लागेल याची यादी हातात दिली. बाकीच्यांना फक्त आरोग्याचं एक माहितीपत्रक. सण संपला तेव्हा माहितीपत्रकवाल्यांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलं होतं. लिहून ठेवणाऱ्यांचं ०.१३ किलो घटलं होतं. फरक अर्ध्या किलोचा, पण वाढ झालीच नाही तर उतरवायचा प्रश्नही येत नाही.

(दृश्य: कॅलेंडर. वसुबारसेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेला आकडा.)

हेच आपल्याकडे करायचं, तर पहिला आकडा वसुबारसेच्या सकाळी लिहावा, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा बघितला नाही तरी चालेल. तो पाण्याचा असतो आणि उगाच मन खट्टू करतो. दुसरा आकडा त्यानंतर आठ दिवसांनी. या दोन आकड्यांतला जो फरक असेल, तीच खरी दिवाळी. तिथून संक्रांतीपर्यंत आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी.

आणि शिवणाच्या डब्यातली टेप घ्यावी. बरगड्यांची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती गुंडाळावी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटरची, बायकांसाठी ८०ची. श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही.