डब्याच्या आत काय आहे?

नमस्कार श्रोतेहो.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या राजारामपुरीत, गंगावेशीत नाहीतर इचलकरंजी-गडहिंग्लजला जी पोरं वाढली, त्यांना 'मुस्तफा' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. व्हिडिओ गेम पार्लरमधला तो उभा डबा, रुपयाचं कॉइन, आणि खांद्यावरून वाकून "सरक, हा बॉस मी काढतो" म्हणणारा कुणीतरी थोराड पोरगा. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेला हा गेम, खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मग घरात टीव्हीला जोडायचा गेम आला, पिवळी कॅसेट आली. चित्र हललं की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची.

ती पोरं आता चाळिशीच्या पुढं गेली. कुणी एमआयडीसीत आहे, कुणाचं दुकान आहे, कुणी बँकेत आहे. हातात चार पैसे आहेत. आणि जगभरच्या अशाच चाळिशीतल्या माणसांसमोर आज इंटरनेटवर एक हाक येते: "तुमचा लहानपणीचा गेम आम्ही पुन्हा करतोय, पैसे द्या." यालाच क्राउडफंडिंग म्हणतात, लोकवर्गणीच म्हणा ना. आज त्याबद्दलच बोलायचंय.

पद्धत सोपी आहे. किकस्टार्टर नावाची अमेरिकन वेबसाइट २००९ साली सुरू झाली. गेम करणारा तिथं सांगतो, मला इतके पैसे लागतील, इतक्या दिवसांत लागतील. तेवढे जमले तरच लोकांच्या कार्डावरून पैसे कापले जातात. नाही जमले तर एक रुपयाही जात नाही. इंडिगोगो नावाची दुसरी वेबसाइट आहे, तिथं आकडा गाठला नाही तरी जमलेले पैसे ठेवून घ्यायची सोय असू शकते, तेव्हा आधी नीट वाचून घ्यायचं. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखीच आहे आणि ती मी आज दोनदा-तीनदा सांगणार आहे: तिथं पैसे भरले म्हणजे वस्तू विकत घेतली असं होत नाही. वस्तू अजून तयारच नसते. तुम्ही ती तयार करायला पैसे देता. भिशीत निदान भिशी चालवणाऱ्याचं घर आपल्याला माहीत असतं, इथं तेही नाही.

या सगळ्याला उधाण आलं २०१२ साली. डबल फाइन नावाच्या कंपनीनं जुन्या धाटणीचा, गोष्ट सांगणारा गेम करायला ४ लाख डॉलर मागितले आणि मिळाले ३३ लाख. त्यानंतर जुन्या गेमवाल्यांची रांगच लागली.

आता मला एक हकिकत सांगायचीय. ती मी भेटेल त्याला सांगते, कारण आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही कारागिराला ती पहिल्या दोन वाक्यांत कळते.

अटारी कंपनीनं १९९३ साली 'जॅग्वार' नावाचं गेमचं यंत्र काढलं. चाललं नाही. कंपनीनं ते बंद केलं, पण त्याच्या वरच्या प्लास्टिकच्या डब्याचे मोल्ड उरले. आता मोल्ड म्हणजे काय हे कोल्हापुरात मी सांगायला नको. पोलादात कोरलेला साचा, घडवायला महिने आणि पैसे किती लागतात ते ज्यानं टूलरूममध्ये दिवस काढलेत त्यालाच विचारा. (आणि जाता जाता बोलतेच. या टूलरूमवाल्यांचा शब्द आपल्या गावात जितका ऐकला जायला हवा तितका जात नाही. भाषणाला बोलावतात डिग्रीवाल्याला, आणि मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस मागच्या खुर्चीवर बसलेला असतो.) तर ते मोल्ड घेतले दातांच्या डॉक्टरांसाठी उपकरणं बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनं. गेमच्या डब्यात त्यांनी दाताचा कॅमेरा बसवून विकला! साचा तोच, आतला जीव वेगळा.

पुढं बऱ्याच वर्षांनी जुन्या गेमचं मासिक काढणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या मनात आलं की कॅसेटवर चालणारं नवं यंत्र काढावं. ना इंटरनेट, ना डाउनलोड. कॅसेट खोचायची आणि खेळायचं. कल्पना मला आजही आवडते. त्यांनी ते दातवाल्यांकडचे मोल्ड विकत घेतले. डबा तयारच झाला म्हणायचा. सप्टेंबर २०१५ मध्ये इंडिगोगोवर जवळपास साडेएकोणीस लाख डॉलर मागितले, त्या वेळच्या भावानं बारा कोटी रुपयांच्या वर. लोकांनी विचारलं, चालतं यंत्र दाखवा. दाखवायला काही नव्हतं. लाखभर डॉलरही जमले नाहीत.

मग नवं नाव आलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत गाजलेल्या 'कोलेको'चं नाव वापरायचा करार झाला आणि यंत्राचं बारसं झालं 'कोलेको कमेलियन'. या वेळी पैसे मागायचे होते किकस्टार्टरवर. आणि किकस्टार्टरचा २०१२ पासूनचा नियम असा, की यंत्र विकायचं असेल तर संगणकावर काढलेलं चित्र चालणार नाही, प्रत्यक्ष नमुना दाखवावा लागेल. म्हणून नमुना आला. फेब्रुवारी २०१६, न्यूयॉर्कचं खेळण्यांचं मोठं प्रदर्शन. काचेपलीकडं डबा, टीव्हीवर गेम चालू. लोक खूश.

पण जुन्या गेमचे वेडे लोक काय चीज असतात! फोटो आले, आणि त्यांनी बघितली डब्याची मागची बाजू. वायर जोडायच्या जागा कुठं आहेत, किती अंतरावर आहेत. आणि त्या जागा तंतोतंत जुळल्या निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या एका जुन्या यंत्राशी, सुपर निन्टेन्डोच्या छोट्या मॉडेलशी. म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात दुसऱ्याचं जुनं यंत्र आहे, असं त्यांनी जाहीर बोलून दाखवलं. मोहीम सुरू व्हायच्या तोंडावर पुढं ढकलली गेली.

थोड्याच दिवसांत नवा फोटो आला. या वेळी डबा पारदर्शक, आतला हिरवा बोर्ड सगळ्यांना दिसावा म्हणून. घ्या, बघा, आमचाच आहे. आणि काही तासांत त्या वेड्या मंडळींनी तो बोर्डही ओळखला. सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घ्यायला जे जुनं कार्ड मिळतं, ते होतं ते! गेमशी त्याचा काडीचा संबंध नाही. घरबसल्या, नुसत्या फोटोवरून, बोर्डावरचे चिप आणि भोकं मोजून ओळखलं. मला या लोकांचं फार कौतुक वाटतं. ज्यानं दहा यंत्रं उघडून परत जोडलीत त्याच्या डोळ्याला फसवणं अवघड असतं, मग तो अमेरिकेतला असो की आपल्या लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्त करणारा.

शेवटी कोलेकोनंच सांगितलं की आमच्या इंजिनिअरांना यंत्र तपासू द्या. मार्च २०१६ मध्ये कोलेकोनं हात काढून घेतला आणि प्रकरण संपलं. किकस्टार्टरची मोहीम उघडलीच नव्हती, म्हणून तिथं कुणाचा पैसा बुडाला नाही. कुणीतरी डब्याची मागची बाजू बघितली, म्हणून वाचले.

सगळ्यांच्या नशिबी असं वाचणं नव्हतं. ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रम या जुन्या लाडक्या संगणकाचं हातात धरायचं रूप, 'वेगा प्लस', २०१६ साली इंडिगोगोवर आलं. ५ लाख पौंडांहून जास्त जमले. २०१८ मध्ये मोजक्या लोकांना यंत्रं मिळाली, २०१९ मध्ये कंपनीच गुंडाळली गेली. पुन्हा सांगते, पैसे भरले म्हणजे वस्तू विकत घेतली असं होत नाही.

आणि दर वेळी लबाडीच असते असंही नाही. बऱ्याचदा माणसं प्रामाणिक असतात, अंदाज चुकतो. 'सिस्टीम शॉक' या १९९४च्या गेमला २०१६ साली साडेतेरा लाख डॉलर मिळाले, मध्ये काम थांबवावं लागलं, आणि गेम आला मे २०२३ मध्ये. सात वर्षं! पण आला आणि चांगला आला. 'माइटी नंबर ९'ला ३८ लाख डॉलर मिळाले, गेम वर्षभर उशिरा आला आणि लोक हिरमुसले. 'एलिट' हा १९८४चा गेम पुन्हा करताना इंटरनेटशिवायही खेळता येईल असं सांगितलं होतं. २०१४ मध्ये गेम यायच्या महिनाभर आधी ते रद्द झालं. ज्यांनी त्याच एका गोष्टीसाठी पैसे दिले होते त्यांनी काय करायचं? उलट 'ब्लडस्टेन्ड'ला ५५ लाख डॉलर मिळाले, २०१९ मध्ये उत्तम गेम हातात पडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक इथन मॉलिक यांनी २०१५ साली किकस्टार्टरचा अभ्यास केला, त्यात साधारण ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेलं दिलंच नव्हतं.

लोकांच्या पैशावर कला उभी करणं आपल्या गावाला नवं नाही. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला, आणि त्यांच्या फिल्म कंपनीला पैसा दिला तानीबाई कागलकर या गायिकेनं. पैसे देणारी आणि घेणारे एकाच गावचे होते. आज पुण्यातली नॉडिंग हेड्स ही कंपनी बघा. २०१७ साली 'राजी' या गेमसाठी त्यांनी किकस्टार्टरवर पैसे मागितले, आकडा गाठला नाही, तरी २०२० मध्ये गेम पूर्ण करून जगभर विकला. मला वाटतं, मराठी बोलणारा एखादा मोठा गेम यायला हवा, आणि तो यायचा तर अशाच माणसांकडून येईल. त्यांच्यासारख्यांना पैसे द्यायला मी कुणाला नको म्हणणार नाही.

फक्त देताना काय बघायचं? चालता गेम दाखवलाय का, नुसती चित्रं आहेत? करणाऱ्यांनी आधी एखादा गेम पूर्ण करून विकलाय का? जुन्या गेमचं नाव वापरायचा हक्क त्यांच्याकडं आहे का? यंत्र असेल तर जास्तच जपून, कारण ते परदेशातून येणार आणि दारात कुरिअरवाला वर कस्टम्सचे पैसे मागणार.

आता कार्डाचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाप्रमाणं नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण ॲपमध्ये चालू करायचे असतात. ते चालू केले की मर्यादा लहान ठेवा, कारण बऱ्याच परदेशी वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत. डॉलरच्या भावावर बँक आपले पैसे वर लावते, तेही धरा. आणि किकस्टार्टरवर नाव नोंदवलं त्या दिवशी पैसे जात नाहीत, मोहीम संपते त्या दिवशी जातात. तोवर नाव मागे घेता येतं, फक्त शेवटच्या चोवीस तासांत तुम्ही मागे घेतल्यानं आकडा कमी पडणार असेल तर नाही. म्हणून ती शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि दोन दिवस आधी त्या पानावर जाऊन खालचे प्रश्न वाचा. तिथं कुणी ना कुणी डब्याच्या मागच्या बाजूबद्दल विचारलेलं असतं. त्याला उत्तर मिळालंय का, ते बघा आणि मग ठरवा.